कॉम्प्युटर १९८२चा, मेमरी कार्ड आजचं: जुन्या होम कॉम्प्युटरवर जुने गेम आता कसे खेळतात?

माळ्यावर वर्षानुवर्षं पडून असलेला झेडएक्स स्पेक्ट्रम खाली काढला, धूळ झटकली, योग्य अ‍ॅडॉप्टर लावून टीव्हीला जोडला, तर बऱ्याचदा सुखद धक्का बसतो. स्क्रीनवर खालच्या बाजूला सिंक्लेअर कंपनीचं नाव आणि १९८२ हे साल उमटतं. म्हणजे मशीन जिवंत आहे.

मग सोबतच्या डब्यातली गेमची कॅसेट लावली जाते. कर्कश आवाज सुरू होतो, स्क्रीनच्या कडेला रंगीत पट्टे पळू लागतात, चार मिनिटं जातात आणि शेवटी एकच ओळ येते: टेप लोडिंग एरर.

जगभरात जुने होम कॉम्प्युटर जपणाऱ्यांचा हा नेहमीचा अनुभव. कॉम्प्युटर टिकतो, पण गेम ज्यावर साठवलेला असतो ती कॅसेट किंवा फ्लॉपी आधी दगा देते. त्यामुळेच चाळीस वर्षांपूर्वीच्या या मशीनना आता एसडी कार्ड, पेन ड्राइव्ह, अगदी मोबाइल फोनही जोडला जातोय. हे नेमकं कसं होतं? सगळे गेम चालतात का? आणि असे गेम उतरवून घेणं कायदेशीर आहे का?

होम कॉम्प्युटर म्हणजे कोणते?

१९८०च्या दशकात घरच्या टीव्हीला जोडून वापरायचे छोटे कॉम्प्युटर आले. कीबोर्डच्या खोक्यातच सगळा कॉम्प्युटर असायचा. त्यात हार्ड डिस्क नव्हती. स्विच दाबला की एक-दोन सेकंदांत बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा समोर यायची आणि स्विच बंद केला की मेमरीतलं सगळं पुसलं जायचं.

यातली दोन नावं सर्वांत गाजली. ब्रिटनमधल्या सिंक्लेअर रिसर्चने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम आणला. त्याच्या १६ केबी मेमरीच्या मॉडेलची किंमत १२५ पौंड आणि ४८ केबीच्या मॉडेलची १७५ पौंड होती. त्याच वर्षी अमेरिकेत ५९५ डॉलरला कमोडोर ६४ बाजारात आला. नावातला ६४ हा आकडा त्याच्या ६४ केबी मेमरीचा. आज व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारा एखादा साधा फोटोही यापेक्षा जास्त जागा घेतो.

भारतातही ही पिढी पोहोचली होती. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६मध्ये स्पेक्ट्रम प्लसची परवाना घेतलेली आवृत्ती इथे विकायला काढली. त्याआधी १९८४-८५मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो शाळांमध्ये गेले होते. अनेकांनी आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर पाहिला तो हाच.

कॅसेटमध्ये गेम कसा मावायचा?

गाण्यांसाठी वापरायची तीच साधी ऑडिओ कॅसेट. कॉम्प्युटरच्या भाषेतले ० आणि १ आवाजात बदलून तिच्यावर टेप केलेले असायचे. स्पेक्ट्रममध्ये १साठीची आवाजाची लहर ०च्या लहरीपेक्षा दुप्पट लांब असते. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला जोडायची, 'लोड' ही आज्ञा द्यायची आणि टेप सुरू करायची. कॉम्प्युटर लहरींची लांबी मोजत मोजत गेम पुन्हा उभा करायचा.

हा सगळा मामला आवाजाचा असल्यामुळे एक गंमतही घडली. १९८३च्या सुमारास युगोस्लाव्हियात रेडिओ बेलग्रेडवरच्या 'व्हेंटिलेटर २०२' या कार्यक्रमातून प्रोग्रॅम चक्क प्रसारित केले जायचे. श्रोते ते घरी टेप करून आपल्या कॉम्प्युटरवर चालवायचे. वायफाय येण्याच्या कितीतरी आधीचं हे बिनतारी डाउनलोड!

पण वेग फारच कमी. स्पेक्ट्रमच्या मूळ पद्धतीत सेकंदाला सरासरी दीड हजारच्या आसपास बिट वाचले जातात. पूर्ण ४८ केबीचा गेम यायला साडेचार-पाच मिनिटं लागतात. मध्येच एक बिट जरी चुकला, तरी अख्खं लोडिंग पुन्हा पहिल्यापासून.

फ्लॉपी होती, तरी वाट का पाहावी लागायची?

कमोडोर ६४साठी १५४१ नावाचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळायचा. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या एका बाजूला साधारण १७० केबी डेटा मावायचा. ड्राइव्ह भलामोठा आणि जड होता. त्याच्या आत स्वतःचा प्रोसेसर आणि २ केबी मेमरी होती. थोडक्यात, कॉम्प्युटरला जोडलेला तो दुसरा कॉम्प्युटरच होता.

तरीही तो सेकंदाला जेमतेम ४०० बाइट पाठवायचा. या हिशोबाने ४० केबीचा गेम यायला जवळपास पावणेदोन मिनिटं लागतात. याचं मूळ कमोडोरच्या आधीच्या व्हिक-२० या कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यातल्या एका चिपमध्ये दोष होता, म्हणून डेटा पाठवण्याचं काम हार्डवेअरऐवजी सॉफ्टवेअरने एकेक बिट करून करावं लागलं. कमोडोर ६४मध्ये तीच पद्धत पुढे चालू राहिली. शिवाय त्याची चित्र काढणारी चिप मध्ये मध्ये प्रोसेसरला थांबवते. त्यामुळे वेग आणखी कमी ठेवावा लागला.

गेम बनवणाऱ्यांनी यावर युक्ती काढली. गेम सुरू होताना ते स्वतःचा छोटा प्रोग्रॅम ड्राइव्हच्या मेमरीत टाकायचे आणि ड्राइव्हच्या प्रोसेसरकडूनच वेगाने काम करून घ्यायचे. याला फास्ट लोडर म्हणतात. आज एसडी कार्ड जोडताना नेमकी हीच युक्ती आडवी येते. ते कसं, हे पुढे येईलच.

मग बिघडतं काय?

प्रोसेसर, मेमरी या चिपमध्ये हलणारा भाग नसतो. नीट ठेवल्या तर त्या दशकानुदशकं टिकू शकतात. कॅसेट आणि फ्लॉपीचं तसं नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटीचा थर चिकटवलेला असतो. काळाबरोबर तो थर सुटतो, दमट हवेत त्यावर बुरशी धरते. मुंबई-कोकणातला पावसाळा अशा वस्तूंचा शत्रूच. बुरशी लागलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली, तर थर खरवडला जातो आणि वाचणारं हेडही खराब होतं.

टेपरेकॉर्डर आणि ड्राइव्हचीही हीच गत. रबरी पट्टे सैल पडतात किंवा वितळून चिकट होतात. हेड किंचित तिरकं झालं, तरी कॅसेट वाचली जात नाही. नवे सुटे भाग मिळणं अवघड आणि दुरुस्ती जाणणारे कारागीर कमी. म्हणून मूळ ड्राइव्ह बाजूला ठेवून त्याच्या जागी नवं साठवणीचं साधन बसवण्याचा मार्ग निघाला.

एसडी कार्ड या जुन्या मशीनला कळतं कसं?

खरं तर कळत नाही. १९८२च्या कॉम्प्युटरला एसडी कार्ड म्हणजे काय, हे माहीतच नाही. मधलं उपकरण त्याला भासवतं, की समोर नेहमीचीच कॅसेट किंवा फ्लॉपी आहे. हे भासवण्याचे चार मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार: कॅसेटचं सोंग

हा सगळ्यात स्वस्त उपाय. कॉम्प्युटरला फक्त आवाज हवा असतो, मग तो टेपमधून येवो की फोनमधून. गेमची ऑडिओ फाइल फोनवर वाजवून वायरने स्पेक्ट्रमला दिली, तर गेम लोड होतो. आवाज पुरेसा मोठा हवा, इक्वलायझर बंद हवा आणि मध्येच फोन किंवा नोटिफिकेशन यायला नको. हेच काम नीट करण्यासाठी टीझेडएक्सडुइनो हे छोटं उपकरण मिळतं. आर्डुइनोवर आधारलेलं हे उपकरण एसडी कार्डवरची फाइल वाचून तिचा टेपसारखा आवाज करतं.

यात टेप झिजण्याची भीती नाही, पण वेळ वाचत नाही. गेम मूळ वेगानेच येतो. अनेकांना तेच हवं असतं, कारण पट्टे बघत वाट पाहणं हाही त्यांच्या आठवणीचा भाग आहे.

दुसरा प्रकार: मध्येच वाट अडवणारं उपकरण

स्पेक्ट्रमच्या मागच्या बाजूला बसणारं डिव्हएमएमसी हे याचं उदाहरण. कॉम्प्युटरच्या कायमस्वरूपी मेमरीत, म्हणजे रॉममध्ये, टेप वाचायचा एक ठरलेला प्रोग्रॅम असतो. प्रोसेसर त्या जागी पोहोचला, की हे उपकरण रॉम बाजूला सारून स्वतःची मेमरी पुढे करतं आणि टेपऐवजी कार्डवरून डेटा देतं. पाच मिनिटांचं काम काही सेकंदांत होतं. उपकरणावरचं बटण दाबलं, की कार्डवरच्या फाइलींची यादी स्क्रीनवर दिसते आणि हवा तो गेम निवडता येतो.

काही गेम मात्र रॉममधला प्रोग्रॅम न वापरता स्वतःच्याच पद्धतीने टेप वाचतात. तिथे ही युक्ती चालत नाही. अशा वेळी गेम पूर्ण लोड झाल्यानंतरच्या मेमरीची जशीच्या तशी प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, वापरतात.

तिसरा प्रकार: फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग

कमोडोर ६४साठी एसडी२आयईसी हे स्वस्त आणि लोकप्रिय उपकरण आहे. ड्राइव्हला मिळणाऱ्या आज्ञा ते ओळखतं आणि कार्डवरून उत्तर देतं. अनेक गेम यावर उत्तम चालतात. पण त्याच्या आत १५४१चा मूळ प्रोसेसर नाही. त्यामुळे ड्राइव्हमध्ये स्वतःचा प्रोग्रॅम घुसवणारे बरेच गेम इथे अडकतात. काही ठरावीक फास्ट लोडर त्याला ओळखता येतात, सगळे नाही.

ही अडचण सोडवायची तर आज्ञाच नव्हे, अख्खा ड्राइव्ह नकलावा लागतो. पाय१५४१मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर ड्राइव्हच्या प्रोसेसरची पावलागणिक नक्कल करतो. अल्टिमेट टू प्लस हे कार्ट्रिजही तेच करतं, पण एफपीजीए चिप वापरून. या चिपची अंतर्गत जोडणी हवी तशी बदलता येते, त्यामुळे जुन्या सर्किटची नक्कल हार्डवेअरच्या पातळीवर होते. या दोन्हींवर कॉपी रोखण्याच्या युक्त्या वापरणारे गेमही बहुतेक वेळा चालतात. अर्थात, त्यासाठी गेमची प्रतही नीट हवी. डी६४ या फाइलमध्ये फक्त डेटा असतो, तर जी६४मध्ये फ्लॉपीवरच्या ट्रॅकची मूळ रचनाही जपलेली असते.

कमोडोर अमिगासारख्या पुढच्या पिढीच्या मशीनसाठी गोटेक वापरतात. हा डबा मुळात गेमसाठी बनलेला नाही. कारखान्यांतली आणि भरतकामाची जुनी यंत्रं फ्लॉपीवर चालायची. त्यांना पेन ड्राइव्ह जोडता यावा, म्हणून तो आला. हौशी मंडळींनी त्यासाठी फ्लॅशफ्लॉपी हे मोफत सॉफ्टवेअर तयार केलं आणि फ्लॉपीच्या जागी बसवून तो गेमसाठी वापरात आणला.

चौथा प्रकार: थेट हार्ड डिस्क

१९९२च्या अमिगा ६०० आणि अमिगा १२००मध्ये हार्ड डिस्कसाठी आयडीई जोडणी होती. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात असायचं ते कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड हीच भाषा बोलतं. त्यामुळे साध्या, स्वस्त अ‍ॅडॉप्टरने ते हार्ड डिस्क म्हणून चालतं. फ्लॉपीवरचे गेम हार्ड डिस्कवर चालावेत, यासाठी डब्ल्यूएचडीलोड हे सॉफ्टवेअर आहे. त्यामुळे गेम चालू असताना फ्लॉपी बदलत बसावं लागत नाही.

बीबीसी मायक्रोलाही त्याच्या युजर पोर्टवर छोटं कार्ड रीडर जोडता येतं. एमएमएफएस ही रॉम बसवली, की त्यावरच्या फ्लॉपीच्या प्रती वाचता येतात. १९८४चा 'एलिट' हा अंतराळातल्या व्यापाराचा गेम मुळात याच मशीनवर आला होता.

किती मोठं कार्ड लागतं?

इथे मोठ्या कार्डाचा काहीच फायदा नाही. ४ जीबीच्या कार्डावर ४८ केबीचे ऐंशी हजारांहून जास्त गेम मावतात. कमोडोरच्या फ्लॉपीची डी६४ फाइल १,७४,८४८ बाइटची असते. अशा बावीस हजारांहून अधिक प्रती त्याच कार्डावर बसतात. उलट फार मोठी कार्डं काही उपकरणं ओळखतच नाहीत. कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावं आणि गेम वर्णानुक्रमे वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत, नाहीतर यादी उघडायलाच वेळ लागतो.

स्विच दाबण्याआधी काय तपासायचं?

जुनं मशीन सापडलं, की लगेच प्लग लावायचा मोह होतो. तो टाळावा.

कमोडोर ६४चा मूळ पॉवर सप्लाय हा सगळ्यात मोठा धोका आहे. जुना झाल्यावर त्यातला ५ व्होल्टचा पुरवठा बिघडून व्होल्टेज वाढू शकतं आणि मेमरी चिप जळतात. म्हणून आधी मल्टिमीटरने मोजावं किंवा सरळ नवा सुरक्षित पुरवठा घ्यावा.

स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पिनमध्ये मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. बाजारातले अनेक अ‍ॅडॉप्टर याच्या बरोबर उलटे असतात. पिन बसली म्हणून अ‍ॅडॉप्टर जुळला, असं होत नाही.

मागच्या बाजूला बसवायचं कोणतंही उपकरण मशीन चालू असताना लावू किंवा काढू नये. जोडणी जराशी तिरकी लागली, तरी चिप जाऊ शकते.

स्पेक्ट्रमच्या कीबोर्डखालची पातळ प्लॅस्टिकची पट्टी बहुतेक मशीनमध्ये कडक होऊन तुटलेली असते. काही बटणं चालत नसतील, तर कॉम्प्युटर मेला असं समजू नये. नवी पट्टी मिळते.

गेम डाउनलोड करणं कायदेशीर आहे का?

गेम जुना झाला म्हणून तो फुकट होत नाही. गेम हा कॉम्प्युटर प्रोग्रॅम आहे आणि भारतीय कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखं संरक्षण आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत ते टिकतं. म्हणजे १९८२चे गेम अजून या संरक्षणाखालीच आहेत.

मात्र, १९५७च्या याच कायद्याच्या कलम ५२मध्ये एक सूट आहे. प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे, त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून वाचवण्यासाठी बॅकअप प्रत करता येते. स्वतःच्या कॅसेटची प्रत करणं आणि इंटरनेटवरून हजार गेमचं गाठोडं उतरवणं, यात हा फरक आहे.

काही हक्कधारकांनी स्वतःहून मोकळीक दिली आहे. १९८६मध्ये अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने सिंक्लेअरचा कॉम्प्युटर व्यवसाय विकत घेतला. १९९९मध्ये तिने स्पेक्ट्रमची रॉम इम्युलेटरसोबत वाटायला परवानगी दिली. आज या मशीनसाठी नवे गेमही बनतात. त्यातले बरेच मोफत किंवा थेट बनवणाऱ्याकडून विकत मिळतात. सुरुवात करायला हा सगळ्यात सरळ मार्ग आहे.

पण पैसे मोजायची तयारी असूनही जुना गेम विकत मिळेल, याची खात्री नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या अभ्यासानुसार, २०१०पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज तिथे बाजारात उपलब्ध नाहीत. कंपन्या बंद पडल्या, हक्क कोणाकडे गेले हेही अनेकदा कळत नाही.

इम्युलेटर असताना हा खटाटोप कशासाठी?

हेच गेम लॅपटॉपवर इम्युलेटरने चालतात. २०१८चा सी६४ मिनी किंवा २०२४मध्ये आलेला 'द स्पेक्ट्रम' यांसारखी जुन्या रूपातली नवी मशीनही मिळतात. फक्त गेम खेळायचा असेल, तर तेवढं पुरेसं आहे.

मूळ मशीनवर फरक पडतो तो बारीकसारीक गोष्टींत. बटण दाबणं आणि स्क्रीनवर उडी दिसणं, यातला वेळ तिथे जवळजवळ नसतोच. आधुनिक टीव्ही आणि सॉफ्टवेअरमुळे तो थोडा वाढतो. 'मॅनिक मायनर'सारख्या गेममध्ये उडी क्षणभर चुकली, तरी खेळ संपतो. कमोडोरच्या सिड या साउंड चिपचा आवाजही प्रत्येक मशीनमध्ये किंचित वेगळा येतो. आणि मशीन वापरात राहिलं, तरच त्याची देखभाल होते. कपाटातलं शोभेचं मशीन बिघडलं, तर कळतही नाही.

आपल्या घरातल्या कॅसेटचं काय?

'मॅनिक मायनर' किंवा 'एलिट' नष्ट होण्याची भीती आता नाही. त्यांच्या असंख्य प्रती जगभर जपल्या गेल्या आहेत. खरा धोका आहे तो ज्याची एकच प्रत आहे त्याला. कोणीतरी शाळेत असताना लिहिलेला बेसिकमधला छोटा गेम, क्लासमध्ये केलेला प्रोजेक्ट, कॅसेटवर बॉलपेनने लिहिलेलं नाव. अशा गोष्टी कोणत्याही संग्रहात नाहीत. ती कॅसेट गेली, की तो प्रोग्रॅम गेला.

त्यामुळे अशी कॅसेट सापडली, तर ती आधी खेळून बघण्यापेक्षा आधी तिची प्रत करावी. टेपरेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं, डॉल्बी बंद ठेवावं आणि वायरने कॉम्प्युटरला जोडून ४४.१ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइल रेकॉर्ड करावी. एमपी३ नको, कारण त्यात आवाज दाबला जातो. रेकॉर्डिंगमध्ये दोष असेल, तर ते दुरुस्त करायची सॉफ्टवेअर मोफत मिळतात. मूळ टेप मात्र प्रत्येक वेळी वाजवताना थोडी झिजते.

फ्लॉपीसाठी ग्रीसवीझल हा छोटा बोर्ड वापरतात. तो फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून यूएसबीने आजच्या कॉम्प्युटरला देतो. कमोडोरचा मूळ १५४१ चालू असेल, तर झूमफ्लॉपी या उपकरणाने तो थेट यूएसबीला जोडता येतो. फ्लॉपीवर बुरशी दिसली, तर मात्र ती ड्राइव्हमध्ये घालू नये. आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी.

एकदा प्रत झाली, की ती एसडी कार्डावर टाकून पुन्हा त्याच जुन्या मशीनवर चालवता येते. आणि कॅसेट तिच्या डब्यात, कोरड्या जागी, निवांत ठेवता येते.